पाठमोरा कान

माझा भाऊ जितेंद्र गिटारची पेडलं तपासतो. हे सांगितलं की लोकांना सायकल आठवते आणि मला चिडायला होतं, म्हणून आधीच समजावून टाकते. साबणाच्या वडीएवढी धातूची डबी असते. गिटारची वायर तिच्यात एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने अँप्लिफायरकडे निघते आणि मधे पायाने दाबायचं एक बटण असतं. डबी प्रीअँपची असेल तर गिटारचा मिणमिणता आवाज अंगाने भरतो. डिस्टॉर्शनची असेल तर तोच आवाज फाटतो, घोगरा होतो, गुरगुरतो. अलीकडे ही दोन्ही कामं एकाच डबीत करणारी छोटी पेडलं निघाली आहेत. त्यातलं चांगलं कुठलं आणि नुसतंच चकचकीत कुठलं, हे दादा त्याच्या चॅनेलवर सांगतो.

आणि तो सांगतो ते लोक मानतात. उमरेडपासून इंदूरपर्यंतची पोरं त्याला विचारल्याशिवाय पेडल घेत नाहीत. 'जितूभाऊचा कान' असा शब्दच पडला आहे त्यांच्यात. दादाची सगळ्यात आवडती परीक्षा म्हणजे शांततेची. गिटार जोडायची, पेडल चालू करायचं, गेन, म्हणजे आवाज फुगवायचं बटण, भरपूर ठेवायचा आणि मग तारांवर हात दाबून धरायचा. काहीच वाजवायचं नाही. तो म्हणतो, वाईट पेडल तुम्ही गप्प बसलात तरी बडबड करतं. चांगलं पेडल तुमच्याबरोबर गप्प बसतं.

मी मिहानमध्ये एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि सुट्टीच्या दिवशी दादासाठी गिटार वाजवते. मला चारच कॉर्ड येतात, पण त्या दर वेळी अगदी तशाच वाजतात, म्हणून पेडल तपासायला मी बरी पडते. दादा हे माझ्या तोंडावर सांगतो. तो मुळातच फटकळ आहे. मीही काही कमी नाही.

दादाची खोली म्हणजे टांडापेठेतल्या आमच्या घराची जुनी शेड. आम्ही कोष्टी. बाबांचे, म्हणजे महादेवरावांचे, इथे पॉवरलूम चालायचे. मागांचे पाय जिथे ठोकलेले होते ती भोकं फरशीत अजून आहेत आणि त्याच जागी आता दादाचा अँप्लिफायर उभा आहे. माग सुरू असले की शेडमध्ये बोललेलं काही ऐकू येत नसे, म्हणून आमच्याकडे सगळे ओठांवर बोलायचे. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं, समोरच्याने ते वाचायचं. दादा आणि मी बाराखडी शिकायच्या आधी हे शिकलो. पुढे शाळेत, लग्नात, बसमध्ये आम्ही दोघं असंच बोलत आलो. शेडबाहेर मात्र सगळे ओरडायचे, कारण कान बसलेले असायचे. ती सवय अजून आहे. आमच्या घरात माणूस एकतर ओरडतो नाहीतर नुसते ओठ हलवतो. शेजारच्या पार्वतीबाई म्हणतात, "तुमच्या घरी भांडण चालू हाय का जेवण, काई समजतच नाई."

शेडचा एक रिवाज होता. मागावरून धोटा, म्हणजे सुताची कांडी घेऊन धावणारा लाकडी तुकडा, सुटला तर माणसाचा डोळा जाऊ शकतो, आणि सुटायच्या आधी मागाचा ठोका बदलतो, तो कळायला कारागिराचा कान थोडा तरी शाबूत लागायचा. कोणी हाकेला उशिरा वळू लागला की माझे मोठे काका, ईश्वरदास काका, माग बंद करायला लावत आणि त्याची परीक्षा घेत. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून ते त्याच्यासमोर उभे राहायचे आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायचे, "धोटा सुटला, बाजूले हो." कधी हळू आवाजात, कधी नुसतं ओठांवर. गळा थरथरला तर बोटाला कळायचं, म्हणजे स्वतःची चूक व्हायला नको. समोरच्याने आवाज आला तरच हात वर करायचा. तिसरा कोणी शेजारी उभा राहून लक्ष ठेवायचा आणि निकाल त्यानेच सांगायचा. परीक्षा घेणाऱ्याने सांगायचा नाही. ज्याला फरक कळत नसे त्याला मागावरून उठवून बाहेर कांड्या भरायला बसवत.

एकदा बाबांचीच परीक्षा झाली. मी दारात होते. बाबा दर वेळी हात वर करत होते, काकांनी नुसते ओठ हलवले तेव्हाही. लोकांना वाटतं की बहिऱ्याला आपण बहिरे आहोत हे कळत असेल. तसं नसतं. ओठ दिसले की डोकं आतल्या आत आवाज भरून घेतं आणि माणसाला खरंच वाटतं की ऐकलं. त्या दिवसानंतर बाबांनी हळूहळू सगळे माग मोडीत काढले. काका रागावले, तेव्हा बाबा म्हणाले, "माह्या कान गेला तं गेला. जितूचा कान मी मागाले देणार नाई." दादा तेव्हा शाळेत होता, कोणाच्या तरी मोडक्या गिटारवर बोटं घासायचा. माग गेले आणि त्यांच्या जागी दादाची स्वतःची गिटार आली. मागून अँप्लिफायर आला, मग त्याहून मोठा आला, आणि कुठल्या कुठल्या बँडबरोबर स्टेजवर, स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून दादाची सगळी जवानी गेली. बाबा समोर खुर्चीवर बसून बघायचे. पोराचा कान वाचवला याचा त्यांना फार अभिमान होता.

तर आता या उन्हाळ्याचं सांगते.

चॅनेलवर काही दिवसांपासून लोक कुरकुर करत होते. "भाऊ, कान फाडून राहिला." "ट्रेबल कमी कर ना गा, दात शिवशिवते." दादाच्या व्हिडिओतला आवाज पूर्वीपेक्षा टोचरा झालाय असं त्यांचं म्हणणं. दादा म्हणायचा, यांचे मोबाइलच भिकार आहेत. मीही रात्रंदिवस त्यांच्याशी भांडले, कारण माझ्या भावाला कोणी काही म्हटलेलं मला खपत नाही. मग एकाने लिहिलं, "हा कानानं नाई, डोळ्यानं तपासते. कंपनीचं नाव पाहून मार्क देते." हे मात्र दादाला झोंबलं.

त्यात वैभवचं काम आलं होतं. वैभव उमरेडचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, स्वतःच्या हाताने पेडलं बनवणारा. त्याने प्रीअँप आणि डिस्टॉर्शन एकत्र असलेली एक छोटी डबी बनवली होती. तिच्या तीन तऱ्हा होत्या. दादा कानाने निवडेल ती तऱ्हा पक्की, आणि डबीच्या झाकणावर 'जितूभाऊ' असं नाव येणार होतं. आमच्या घराचं लाइटबिल अजून बाबांच्या नावावर येतं. दादाचं नाव असं छापून कुठेच नाही. वैभवने नमुन्याचं झाकण पाठवलं तेव्हा दादाने ते किती वेळ हातात फिरवलं ते मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी दाढी करून बसला होता.

"पाठमोरा बसतो," दादा वैभवला म्हणाला. "डोळ्याले दुपट्टा बांधतो. कोणती डबी कवा लावली मले सांगू नका. सगळं रेकॉर्ड करा. मंग पाहू कोण डोळ्यानं तपासते."

ती मे महिन्यातली दुपार होती. रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून कूलर बंद केला होता आणि आम्ही तिघं घामाने निथळत होतो. दादा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला, डोळ्यांवर माझा उन्हाचा दुपट्टा. मी मागे गिटार घेऊन. वैभव जमिनीवर मांडी घालून डब्या बदलायला. फोनचा कॅमेरा स्टँडवर. नियम एकच, दादाशिवाय कोणी बोलायचं नाही.

पहिली डबी. मी कॉर्ड वाजवल्या. "जाड हाय," दादा म्हणाला. "टोन वाढव." वैभवने टोनचं, म्हणजे आवाजाला धार लावायचं, बटण फिरवलं. "अजून." त्याने अजून फिरवलं. "अजून वाढव ना गा." आवाज आता पत्र्यावर खिळा ओढावा तसा झाला होता. माझ्या दाढा आंबल्या. वैभवने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मोठ्या माणसाची आवड, म्हटलं, असेल काही. दुसऱ्या डबीचं तेच. टोन शेवटपर्यंत फिरवला तेव्हा कुठे दादा म्हणाला, "आता जरा उघडला."

वैभवने तिसरी डबी जोडली आणि खोलीत शिट्टी सुरू झाली.

बारीक, टोकदार, न थांबणारी शिट्टी. मी तारांवर हात दाबून धरला तरी ती होतीच. वैभवचा चेहरा पडला. त्याने घाईत ही डबी सूर जुळवायच्या ट्यूनरच्याच अडॅप्टरवर जोडली होती आणि ट्यूनरची सगळी किरकिर विजेच्या वायरीतून डबीत घुसत होती. त्याने कानात बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने मला थांब अशी खूण केली. आता दादा याची सालटी काढणार, मी मनात म्हटलं, आणि मला जरा हसूही आलं.

दादाने हात वर केला. "थांबा. वाजवू नको, भूमे. तारा धरून ठेव."

मी तारा धरून ठेवल्या. शिट्टी माझ्या कपाळात घुसत होती.

दादा मान तिरकी करून ऐकत होता. बराच वेळ. मग त्याच्या पाठीवरूनही कळलं की तो हसतोय.

"हा," तो म्हणाला. "हाच. काय शांत हाय गा हा. गेन एवढा, अन् जराही आवाज नाई. मेल्यासारखा गप्प हाय. वैभव, हाच पक्का कर."

वैभव हसला. त्याला वाटलं टोमणा आहे. मग हसता हसता थांबला, कारण दादा पेडलच्या बाबतीत थट्टा करत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

मला आधी रागच आला. वाटलं, आमची फिरकी घेतोय. मग एकेक गोष्ट आठवू लागली. दादा गेली काही वर्षं फोनवर बोलत नाही, व्हिडिओ कॉल करा म्हणतो. आम्ही म्हणायचो भाव खातो. जेवताना तो नेहमी माझ्या समोरच बसतो, शेजारी कधीच नाही. अंधारात बोललं की "दिवा लाव आधी" म्हणतो. आम्हाला वाटायचं स्वभाव आहे. ओरडणाऱ्या घरात ओरडून बोलणारा कोणाला वेगळा दिसणार होता? आणि समोर बसून ओठ वाचणं तर आमच्या रक्तातच होतं.

मी नियम मोडला. त्याच्या पाठीला, साध्या आवाजात, जशी ऑफिसात कोणाशी बोलते तशी म्हणाले, "दादा, पाणी देऊ का?"

काही नाही.

"दादा, मी बोलून राहिली. आयकू येऊन राहिलं का तुले?"

दादाने मान जराशी वळवली, चिडून. "कूलर कोणी लावला?" तो म्हणाला. "रेकॉर्डिंग चालू हाय ना. बंद करा तो."

कूलर समोर मुकाट उभा होता. त्याचं पातंसुद्धा हलत नव्हतं. माझं बोलणं त्याला कूलरच्या घरघरीसारखं ऐकू गेलं होतं. मी गिटार खाली ठेवली. वैभव उठला आणि कोणी न सांगता त्याने कॅमेरा बंद केला. पेडल बंद करायचं मात्र त्याला सुचलं नाही.

दादाने दुपट्टा काढला आणि तो वळला. "काय झालं? तोंडं काहून अशे झाले तुमचे?"

वैभव चाचरत म्हणाला, "जितूभाऊ, तो तिसरा... त्याच्यात आवाज..."

"नाईच ना आवाज," दादा खुशीत म्हणाला. त्याने वैभवचा शब्द न् शब्द ओळखला होता, कारण आता तो वैभवच्या तोंडाकडे पाहत होता. "म्हणून तं घेतला."

शिट्टी अजून चालूच होती. दादा तिच्या मधोमध उभा राहून डबीवरून हात फिरवत होता.

तेवढ्यात बाबा पन्ह्याचे पेले घेऊन आत आले. त्यांना त्या शिट्टीचं काही नव्हतंच. "झालं का तुमचं?" ते ओरडून म्हणाले. "निवडला का?"

"निवडला," दादाही ओरडला.

ते दोघं त्या शिट्टीत निवांत उभे होते, पन्हं पीत, बाप आणि लेक, आणि मी आणि वैभव कानाशी हात नेऊन त्यांच्याकडे बघत होतो. मला हे आयुष्यात कधी दिसेल असं वाटलं नव्हतं. मला बाबांना सांगायचं नव्हतं. पण त्यांनी माझा चेहरा पाहिला होता आणि ते विचारत होते, काय झालं. दादाच्या पाठीमागून, आवाज न काढता, मी ओठांवर सांगितलं, "बाबा, दादाले आयकू येत नाई."

बाबांनी वाचलं. पेला खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना. शेवटी त्यांनी तो अँप्लिफायरवरच ठेवला, ज्यावर दादा कोणाला कागदसुद्धा ठेवू देत नाही.

"जितू," ते म्हणाले, "समोर ये. परीक्षा घ्यायची हाय."

"कायची परीक्षा?" दादा हसला. पण बाबांनी गळ्यावर बोट ठेवलं तेव्हा त्याला कळलं. "काय बाबा तुम्ही पण. मी काय मागावर बसतो का?"

"ये म्हणतो ना."

वैभवने तेव्हा कुठे पेडल बंद केलं. खोली एकदम मोकळी झाली. बाबांना आणि दादाला काही फरक पडला नाही. मी रिवाजाप्रमाणे बाजूला उभी राहिले.

"धोटा सुटला, बाजूले हो," बाबा हळू आवाजात म्हणाले. आवाज आला. दादाने हात वर केला.

बाबांनी पुन्हा तेच म्हटलं. या वेळी नुसते ओठ. दादाने हात वर केला, हसत, पोराने मास्तरांची गंमत करावी तसा.

पुन्हा नुसते ओठ. पुन्हा हात वर.

पुन्हा. बाबांचं बोट गळ्यावर स्थिर होतं. दादाने हात वर केला. वैभवला हा रिवाज ठाऊक नव्हता. तो काही न बोलणाऱ्या बाबांकडे बघायचा, मग दादाच्या वर गेलेल्या हाताकडे. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

बाबा थांबले. त्यांनी गळ्यावरचं बोट काढलं आणि तोंडावरून हात फिरवला. परीक्षा घेणाऱ्याने निकाल सांगायचा नसतो, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते आता नुसतं राहून गेलं होतं. दाराशी उभं राहून बाबांची परीक्षा त्यानेही पाहिली होती. हात दर वेळी वर गेला की त्याचा अर्थ काय, हे त्याला मी सांगायला नको होतं.

"भूमे," तो म्हणाला, "सांग. किती वेळा होता आवाज?"

वैभव तिथेच होता. नावाचं ते झाकण त्याच्या पिशवीतून डोकावत होतं. माझ्या भावाचं असं चारचौघांत व्हावं हे मला सहन होईना. लहानपणी शाळेत करायचो तसं मी केलं. दादाच्या अगदी समोर गेले, आवाजाचा कण न काढता नुसत्या ओठांवर म्हणाले, "पयल्यांदा फक्त. मंग बाबांनी आवाज काढलाच नाई."

दादाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्याने घाबरून वैभवकडे पाहिलं, मग माझ्या जवळ झुकला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"हळू बोल वं," तो म्हणाला. "वैभव आयकून राहिला."